सोयरीक होईपर्यंत

माझी माय मिसरी लावायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांवर घासायची. जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावात बायका याला दात घासणं म्हणतात. पुरुषानं तंबाखू खाल्ली की ते व्यसन, आणि बाईनं तीच तंबाखू जाळून तोंडात घातली की ते मंजन. लहानपणी तवा धरायचं काम माझ्याकडं होतं. त्या धुरानं डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा आणि मायचं एकच ठरलेलं असायचं, "तोंड फिरवून धर की गं."

न्हाणीजवळच्या दगडावर ती बसायची. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या, एकमेकींच्या डबीतली चिमूट घ्यायच्या आणि अर्धा तास बोटं तोंडात घालून गावभरच्या गप्पा चालायच्या. मायच्या थुंकीत रक्त असायचं. मी विचारलं तर म्हणायची, "जोरात घासलं गेलं. मिसरीनं हिरड्या घट्ट होतेत." रक्त जास्त आलं की ती मिसरी जास्त लावायची. तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता आणि तो चुकीचा आहे हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं, असं मी लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. मी होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नांदेडला राहते, शाळा उमरीच्या रस्त्यावर. परिपाठ झाला की पोरांना रांगेत उभं करून "आ करा" म्हणायचं आणि एकेकाचे दात बघायचे, ही माझीच पद्धत. गुटख्याची पुडी सापडली की मी पोराच्या बापाला शाळेत बोलावून झापायची. एवढ्या पोरांच्या तोंडात डोकावले मी, आणि सुट्टीत गावी गेल्यावर जिच्या हातचं खायची तिला कधी म्हटलं नाही, "माय, आ कर."

एका दिवाळीला गेले तेव्हा माय भाकरी खात नव्हती. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढून कडेला ठेवायची आणि उरलेली भाकरी चहात कुस्करायची. चहा कसला, साखरेचा पाकच. भावजय चांगली बाई आहे, सासूचे दात हलतात म्हणून वाटीत वरून आणखी चमचाभर साखर घालायची. संध्याकाळी दूध-साखर-पोळी. आमच्याकडं म्हातारीचे लाड करायची हीच रीत आहे, चावता येत नाही ना, मग गोड द्या. त्या वेळी माय साठीचीही नव्हती. बोलताना ती पदर तोंडावर धरायची आणि मी जवळ बसले की तोंड बाजूला करायची. वास यायचा. मला वाटलं, मिसरीचा असेल.

भावजय एकदा चुलीजवळ हळूच म्हणाली, "ताई, न्हाणीत मुंग्याच मुंग्या लागायल्यात. माय लघवीला बसती ती जागा सोडून दुसरीकडं न्हाईत." मी म्हटलं, फिनेल टाक. माझं शिक्षण असं तेव्हा कामाला आलं.

तरीही त्या खेपेला मी तिला उदगीरला दातांच्या दवाखान्यात नेलं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मोटारसायकल घेऊन मागून आला. वडील गेल्यापासून घर तोच चालवायचा. दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण पोरगी होती. तिनं एका बारीक सळईनं मायच्या हिरडीला नुसता स्पर्श केला, तर रक्त आलं. दाबल्यावर पू आला. समोरचे दात बोटानं हलत होते. डॉक्टरीण मायवर चिडली नाही. तिनं विचारलं, "आजी, तहान लई लागते का? लघवीला किती बार उठता?"

मायनं माझ्याकडं बघितलं. लघवीचं असं कोणी विचारतं का, अशा नजरेनं.

मग ती डॉक्टरीण आम्हा दोघा भावंडांना समजावून सांगायला लागली. हिरड्या अशा वर्षानुवर्षं सुजलेल्या राहिल्या की ती सूज तोंडापुरती राहत नाही, सगळ्या अंगावर तिचा परिणाम होतो आणि अंगातली साखर वाढायला मदत होते. साखर वाढली की हिरड्या आणखी सडतात, जखम भरत नाही. एक दुसऱ्याला वाढवतं आणि दुसरं पहिल्याला. तंबाखू त्यात भर घालते. ती म्हणाली, "मी आत्ता दात काढणार नाही. आधी शुगर बघू. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांचीही. ती आटोक्यात आणू, हिरड्या साफ करू, मग दातांचं बघू. मिसरी आजपासून बंद." तिनं चिठ्ठी लिहून दिली. लॅब खालच्या मजल्यावरच होती.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दादा थांबला. म्हणाला, "हितं न्हाई करायचं."

मी विचारलं, काऊन?

"ह्या लॅबवाल्याची बायको पाव्हण्यांच्या भावकीतली हाय."

पाव्हणे म्हणजे उमरीकडचे. माझ्या धाकट्या बहिणीची तिथं सोयरीक जमत आली होती. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं आणि बहीण आता घरात कोणाशी धड बोलत नव्हती. उमरीच्या पाव्हण्यांनी फोनवर सगळं विचारलं होतं. जमीन किती, पोरगी किती शिकली, आणि शेवटी, घरात खानदानी मर्ज काही हाय का? शुगर, बीपी, फिट? दादानं ठणकावून सांगितलं होतं, काई न्हाई. आता आईची शुगर निघाली तर पोरीला निघेल, पोरीच्या पोरांना निघेल, असं ते म्हणतील आणि तिसऱ्यांदा मोडेल. दादाच्या तोंडावर घाम होता. तो वाईट माणूस नाही, हे मला अजूनही म्हणावं लागतं.

मी म्हटलं, मग नांदेडला नेते, तिथं कोण ओळखतंय.

"आता पळापळ नको. बस्ता, पत्रिका सगळं पडलंय. लग्न होऊ दे, मग घेऊन जा म्हैनाभर."

माय पायरीवर बसली होती. तिला आम्ही विचारलं नव्हतं, पण ती बोलली. "माझ्या दातापायी लेकीचं मोडायचं का? ठिव तो कागद. लग्न झाल्यावर बघू."

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती घडी करून पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवली. दादानं ठेवली नाही, मायनं ठेवली नाही, मी ठेवली. नांदेडच्या गाडीत बसल्यावर मला हलकं वाटलं होतं, हेही आठवतं. कुणीतरी ठरवून टाकलं की बरं वाटतं.

त्यानंतर चार महिने मी दर रविवारी फोन केला. "माय, बरी हायस का?" "हाव, बरी हाय." संपलं. हिरड्यांचं मी विचारलं नाही. मिसरी सुटली का, विचारलं नाही, कारण सुटली नसणार हे मला ठाऊक होतं. शाळेत त्या काळातही माझं "आ करा" चालूच होतं.

कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, कार्यक्रमाला पाव्हण्यांकडच्या बायकांनी मायला पेढा भरवला. मायनं एक खाल्ला. त्यांनी आग्रह केला, तिनं दुसरा खाल्ला, मग तिसरा. त्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या असं मला वाटलं. बघतही नसतील. पण माय त्यांना दाखवूनच खात होती. पेढा तिनं समोरच्या हलणाऱ्या दातांना चुकवून जिभेनंच विरघळवला आणि हसताना पदर वर घेतला.

तो पदर लग्नात चालणार नव्हता. लग्नात फोटो निघतात, व्हिडिओ निघतो. लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा दादानं तिला बाजाराच्या गावी एका दातवाल्याकडं नेलं. तो डॉक्टर नव्हता. गाळ्याच्या काचेवर दातांचं चित्र होतं, एवढंच. त्यानं तहान विचारली नाही, लघवी विचारली नाही, शुगर विचारली नाही. दादाला तेच आवडलं. त्यानं समोरचे हलणारे दात हातासरशी काढले आणि त्याच दिवशी प्लॅस्टिकची एक पट्टी उरलेल्या दातांना आणि हिरडीला चिकटवून पक्की बसवून दिली. काढता येत नाही अशी. धुता येत नाही अशीही, पण ते कुणाला सुचलं नाही.

लग्नाचा फोटो माझ्याकडं आहे. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर आणि तोंड उघडं. माय हसते आहे. पांढरेशुभ्र, एकसारखे, तिच्या तोंडाला जरा मोठेच असे दात. मी तिला म्हटलं होतं, "माय, हिरोईन दिसायलीस." ती लाजली होती. तो दिवस चांगला गेला आणि त्याचा मला आता फार राग येतो.

बहीण नांदून पहिल्यांदा माहेरी आली त्या आठवड्यात मायचा गाल सुजला. दादानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. भावजयीनं लवंग लावली. दोन दिवसांनी सूज हनुवटीखाली उतरली, मग गळ्यावर. माय थुंकी गिळू शकेना. मी पोचले तेव्हा उदगीरच्या सरकारी दवाखान्यानं हात वर केले होते आणि लातूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तोंडातून तो वास येत होता. आता तो मिसरीचा आहे असं मला वाटलं नाही.

लातूरला सिस्टरनं बोटाला सुई टोचली. शुगर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरनं विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं.

"माहीत न्हवतं," दादा म्हणाला.

"दात कोणी बसवले हे? बसवायच्या आधी कोणी शुगर तपासायला सांगितलं नाही का?"

माझ्या खांद्याला तीच पर्स होती. आतल्या कप्प्यात ती चिठ्ठी होती, उदगीरच्या डॉक्टरणीच्या अक्षरातली. मी म्हटलं, "नाही." शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, स्पष्ट.

गळ्यावर चीर देऊन पू काढला. पट्टी काढली, तिच्याखालचे राहिलेले दात काढले, आणि दुसऱ्या ऑपरेशनला खालच्या जबड्याचं सडलेलं हाड काढावं लागलं. साखर उतरेना म्हणून जखम भरेना आणि जखम सडकी म्हणून साखर उतरेना. उदगीरच्या त्या पोरीनं सांगितलेलं सगळं आमच्या डोळ्यांसमोर, पलंगावर, एकेक करून घडत होतं. मी नुसती सलाईनची बाटली संपली की सिस्टरला हाक मारत होते.

उमरीचे पाव्हणे भेटायला आले. बहिणीची सासू डब्यात वरणभात घेऊन आली होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी पाण्याबरोबर घेतली आणि मग घास उचलला. दादानं विचारलं, कसली गोळी?

"शुगरची. मला हाय, ह्येंला हाय, थोरल्याला बी निघाली. आजकाल कोणाला न्हाई?"

दादा म्हणाला, "मग तवा तुम्ही आमाला इचारलं की."

"इचारायची रीत हाय म्हणून इचारलं. तुम्ही बी आमाला इचारलं, तवा आम्ही बी न्हाईच म्हणलो न्हवं का?" आणि ती बाई हसली. तिच्या हसण्यात कपट नव्हतं. तिला वाटलं, गंमतच झाली. मला मात्र त्या बाकावरून उठून तिच्या ताटातला भात फेकून द्यावासा वाटला. दादा हात धुवायला म्हणून गेला तो तासभर आला नाही.

माय वाचली. वाचली म्हणजे घरी आली, वाकड्या हनुवटीची, तोंडाचं बोळकं झालेली, दिवसातून दोनदा सुई टोचून घेणारी. सगळं वाटून, पातळ करून द्यावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं भावजयीला मिसरीची डबी मागितली. दातच नव्हते, हिरडीवर टाके होते, तरी तिला ती लावायची होती. मी ती डबी उकिरड्यावर फेकली आणि तिला नको नको ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं झालं न्हवं? बस झालं मग." तिनं त्या चिठ्ठीबद्दल एकदाही विचारलं नाही. जी बाई मुलीच्या लग्नातल्या आहेराची प्रत्येक साडी कुणी दिली हे सांगायची, ती चिठ्ठी विसरली नव्हती. तिनं विचारायला हवं होतं. मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तीन वर्षं ती तशीच जगली, मग किडन्यांनी हात टेकले आणि ती गेली. घरात सगळे म्हणतात, शुगरनं गेली.

आता माझ्याबद्दल. मायला जाऊन बरीच वर्षं झाली. मी मिसरी लावत नाही, महागातली पेस्ट वापरते. तरी मागच्या वर्षी बेसिनमध्ये रक्त दिसायला लागलं. मी नळ जोरात सोडायची आणि धुऊन टाकायची. एक दिवस माझी मुलगी मागं उभी होती. तिनं विचारलं, "हे किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "जोरात घासलं गेलं." तोंडातून शब्द गेल्यावर कळलं, हे मायचंच वाक्य. मुलीनं माझं काही ऐकून घेतलं नाही. लहानपणी सुट्टीत ती आजीला वाटलेली पेज चमच्यानं भरवायची, तिनं ते तोंड जवळून बघितलेलं आहे. त्याच आठवड्यात तिनं मला दातांच्या डॉक्टरकडं नेलं आणि तिथून सरळ लॅबमध्ये. शुगर निघाली. फार नाही. हिरड्या साफ झाल्या, गोळी सुरू झाली, चहातली साखर बंद झाली. रक्त थांबलं. एवढं सोपं होतं हे. एवढंच करायचं होतं, आणि ते सोपं आहे म्हणूनच मला रडू येतं.

गेल्या महिन्यात मुलीला बघायला लातूरहून पाव्हणे आले. मुलगा चांगला, नोकरी कायम, माणसं बोलायला मोकळी. मला घर आवडलं. मुलीनं चहाचा ट्रे आणला आणि माझा कप वेगळा, माझ्या हाताशी ठेवला. मुलाच्या मावशीची नजर बारीक होती. तिनं हसत विचारलं, "तुमचा कप येगळा काऊन? शुगर-बिगर हाय का काय?"

मी म्हटलं, "छे हो, वजन वाढायलंय म्हणून." आणि माझा हात त्यांच्यातल्या एका साखरेच्या कपाकडं गेला. मी तो उचललासुद्धा. मला कुणी शिकवलं नव्हतं, विचार करायला वेळही लागला नाही.

मुलगी म्हणाली, "शुगर आहे आईला. माझ्या आजीला पण होती. आम्ही लपवली, आणि ती त्याच्यात गेली." मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला.

मावशीनं "असं होय" म्हटलं, पोहे संपवले, आणि "कळवतो" म्हणून ते गेले. दार लागल्याबरोबर मी मुलीवर ओरडले. काय गरज होती, तुला विचारलं होतं का कुणी, असलं सगळं. दादा जिन्यात बोलला होता त्याहून फार वेगळं काही मी बोलले नाही. ती कपबशा विसळत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आजीची ती चिठ्ठी अजून तुझ्या पर्समध्ये आहे ना? मी बघितलीय."

पाव्हण्यांचा फोन आला नाही. ती म्हणते, बरं झालं. मीही तिला म्हटलं, बरं झालं. पण पुढचे आठ दिवस मी शाळेतसुद्धा फोन हातात धरून बसले होते, हे तिला सांगितलेलं नाही.